देवगडात बसून पुण्यातली पाटी कशी दिसेल?

गुगलवरच्या जाहिरातीबद्दल माझ्याकडे आलेलं एक पत्र थोडक्यात असं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

देवगड तालुक्यातल्या एका ताईंच्या सासरी हापूसची साडेतीनशे कलमं आहेत. दोन वर्षांपासून निम्मा माल वाशीच्या घाऊक बाजाराला न पाठवता त्या वेबसाइटवरून पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट पेट्या पाठवतात. यंदा मार्चच्या मध्यावर त्यांनी नवऱ्याच्या चुलतभावाच्या मुलाला गुगलवर जाहिरात करायला २०,००० रुपये दिले. मुलगा पुण्यात असतो, हेच काम करतो. रोजचं बजेट ५०० रुपये. जाहिरात पुणे, मुंबई आणि ठाण्यासाठी. ताई आपल्या फोनवर रोज दहा-पंधरा वेळा ‘देवगड हापूस’ टाकून बघतात, पण जाहिरात आजवर एकदाही दिसलेली नाही. कोथरूडच्या बहिणीला पाडव्याला एकदा दिसली होती. आता एप्रिल संपत आला. परवा रात्री साडेदहाला बहिणीने ‘हापूस आंबा पेटी भाव पुणे’ असं शोधलं, तर वर चार जाहिराती, चारही दुसऱ्यांच्या. मुलगा म्हणतो, “काकी, ॲड चालू आहे, फक्त बजेट वाढवायला लागेल.” सासरे म्हणतात, पैसे पाण्यात गेले. नवरा म्हणतो, घरातल्या पोराकडे हिशेब मागू नको. वेबसाइटवर चौदा ऑर्डरी आल्या, पण त्या जाहिरातीमुळे की ओळखीतून, ते कळायला मार्ग नाही. जाता जाता ताईंनी असंही लिहिलंय की नुसता भाव विचारून फोन ठेवणारे नकोत म्हणून ‘भाव’ आणि ‘रेट’ शोधणाऱ्यांना जाहिरात दाखवू नकोस, असं त्यांनीच मुलाला सांगितलं होतं. आता आणखी पैसे घालू, बंद करू, की पोराकडून काम काढून घेऊ, असं त्या विचारतात. शेवटची ओळ: “तो पैसे खातोय का, तेवढं स्पष्ट सांगा.”

ताई,

तेवढं मात्र मला इथे बसून सांगता येणार नाही. पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि जाहिरात न दिसण्याची निदान तीन कारणं त्या पत्रातच सापडली. त्यातल्या एकालाही पैसे खाणारा माणूस लागत नाही. एक कारण तर तुम्ही स्वतःच्या हाताने घातलंय. रागावू नका, सांगते.

आधी तुमच्या फोनचं बघू. जाहिरात पुणे, मुंबई आणि ठाण्यासाठी लावलीय, आणि तुम्ही शोधताय देवगडात, घरच्या पडवीत बसून. गुगल फोनच्या ठावठिकाण्यावरून माणूस कुठे आहे याचा अंदाज बांधतं आणि ठरवून दिलेल्या गावांतल्या लोकांना जाहिरात दाखवतं. म्हणजे स्वारगेटला पाटी लावून ती देवगड एसटी स्टँडवर का दिसत नाही, असं विचारण्यासारखं झालं हे. तुम्हाला ती दिसत नाही ही खरं तर बरी गोष्ट आहे. देवगडातला माणूस तुमची पेटी ऑनलाइन मागवणार नाही, त्याच्या परसात कलम आहे. त्याला जाहिरात दाखवून पैसे घालवले असते, तर मी पोराला बोलले असते.

यात एक बारीक फाटा आहे, तो सांगून ठेवते, कारण तुमच्यासारख्या विक्रेत्यांच्या तो उपयोगाचा असतो. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये दोन प्रकार असतात. एकात त्या गावात असलेल्या माणसांनाच जाहिरात दिसते. दुसऱ्यात त्या गावात रस दाखवणाऱ्यांनाही दिसते, मग ते कुठेही असोत. न्यू जर्सीत बसून कुणी पुण्यातल्या आईवडिलांसाठी ‘हापूस पेटी पुण्यात घरपोच’ असं शोधलं, तर तो दुसऱ्या प्रकारात मोडतो. असं गिऱ्हाईक भाव करत नाही आणि तीन पेट्या एकदम मागवतं. तुमच्या खात्यात कुठला प्रकार निवडलाय हे मुलाला विचारा. पण दुसरा निवडलेला असला तरी तुम्ही देवगडात बसून ‘देवगड हापूस’ टाकताय. त्यात पुण्याचं नाव नाही नि तुम्हीही पुण्यात नाही.

आता त्या रोजच्या दहा-पंधरा वेळांबद्दल. हे आजच्या आज थांबवा. लक्ष्मी रोडवरचे एक साडीवाले माझ्याकडे यायचे. दुकान उघडलं की उदबत्ती, मग गल्ला, मग गुगलवर स्वतःची जाहिरात शोधून तिच्यावर एक टिचकी, हा त्यांचा नेम. शुभ असतं म्हणायचे. प्रत्येक टिचकीचे पैसे त्यांच्याच खिशातून जात होते, हे सांगितल्यावर आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. संशयास्पद टिचक्या गुगल गाळतं आणि त्यांचे पैसे लावत नाही, पण सगळ्या गाळल्या जातील या भरवशावर राहू नका. तुम्ही टिचकी मारत नाही, नुसतं बघता, असं म्हणाल. त्याचाही तोटा आहे. ज्याला जाहिरात दिसू शकते त्याने ती पुन्हा पुन्हा शोधली आणि एकदाही उघडली नाही, तर या माणसाला यात रस नाही असं समजून गुगल त्याला ती दाखवणं कमी करतं, पुढे बंदही करतं. तुम्ही देवगडात असल्यामुळे या दुखण्यातून बहुधा वाचलात, पण तुमची कोथरूडची बहीण त्यात सापडू शकते. शिवाय जाहिरात किती वेळा दिसली आणि त्यातून किती वेळा उघडली, हे प्रमाण गुगल सतत बघत असतं. नातेवाइकांनी कौतुकाने बघितलेली प्रत्येक खेप त्या प्रमाणात मोजली जाते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सगळ्यांनी आपली ॲड दिसते का बघा रे’ असा निरोप टाकला असेल, तर तो आधी मागे घ्या. आढी रोज उघडून बघितली तर आंबा कसा पिकेल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बहिणीला पाडव्याला दिसली आणि परवा दिसली नाही, हा मात्र खरा धागा आहे. तिने काय शोधलं ते तुम्ही जसंच्या तसं लिहून पाठवलंत हे फार बरं केलंत, बहुतेक लोक ‘आंबे शोधले’ एवढंच लिहितात. ‘हापूस आंबा पेटी भाव पुणे.’ यातला चौथा शब्द बघा. ‘भाव’ शोधणाऱ्यांना जाहिरात दाखवू नको, हे तुमचंच सांगणं. आमच्या धंद्यात याला निगेटिव्ह कीवर्ड म्हणतात. साध्या पद्धतीने एखादा शब्द निगेटिव्ह केला, की तो ज्या ज्या शोधात येईल तिथे तुमची जाहिरात दिसण्याच्या शर्यतीत उतरतच नाही. शोधणारा गंभीर आहे की रिकामटेकडा, हे तो शब्द बघत नाही. पोराने तुमचा शब्द पाळला असेल, तर बहिणीला जाहिरात दिसणं शक्यच नव्हतं. पाडव्याला तिने बहुधा दुसरं काहीतरी टाकलं असणार.

तुमचा हिशेब मला कळतो. भाव विचारून फोन ठेवणाऱ्यांनी डोकं उठवलेलं असतं. पण स्वतःच्या घरचा विचार करा. पैठणी घ्यायची म्हटलं की तुम्ही गुगलवर काय टाकता? किंमत. जो घेणार आहे तोच आधी भाव बघतो, आणि एप्रिलअखेर हापूस घेणाऱ्याला तर बघावाच लागतो, कारण पेटीचा भाव आठवड्याला हलतो. फुकट्यांना अडवायचं असेल तर शब्द दुसरे आहेत: फोटो, चित्र, माहिती, लागवड, रोप, कलम, रेसिपी, आमरस कसा करायचा. ‘हापूस कलम’ शोधणाऱ्याला रोप हवंय, पेटी नकोय. हे शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्हीकडे घालायला सांगा, कारण आपली माणसं अर्ध्या वेळा रोमनमध्येच टाइप करतात. भाव विचारणाऱ्यांसाठी वेगळा उपाय आहे. जाहिरातीतच ‘पाच डझनाची पेटी अमुक रुपयांपासून’ असं लिहा. ज्याला परवडत नाही तो उघडणार नाही आणि तुमचे टिचकीचे पैसे वाचतील. टिचकी पडली तरच पैसे जातात, नुसतं दिसल्याचे जात नाहीत.

आता पैशांकडे येऊ. इथे मी थोडी आकडेमोड केलीय. जाहिरातीच्या खर्चावर १८ टक्के जीएसटी असतो. म्हणजे तुमच्या २०,००० रुपयांतले जाहिरातीला गेले ते साधारण १६,९५०, उरलेले कर म्हणून. सासऱ्यांना हा फरक आधीच समजावून ठेवा, नाहीतर हिशेब हातात आल्यावर ‘तीन हजार गेले कुठे’ म्हणून त्या पोराची उगाच उलटतपासणी व्हायची. १६,९५० ला रोजच्या ५०० ने भागा. चौतीस दिवस येतात. मार्चच्या मध्यावर सुरुवात केलीत, म्हणजे एप्रिलच्या अठरा-एकोणीस तारखेच्या आसपास पैसे संपायला हवेत. आणि बहिणीने शोधलं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात.

माझा पहिला संशय इथे आहे. खात्यातले आगाऊ भरलेले पैसे संपले की सगळ्या जाहिराती थांबतात, पण मोहिमेच्या, म्हणजे तुमच्या जाहिरातींच्या गटाच्या, नावापुढचा हिरवा ठिपका तसाच राहतो, कारण मोहीम कुणी बंद केलेली नसते. नुसता तो ठिपका बघून कुणी ‘ॲड चालू आहे’ म्हणालं, तर तो खोटं बोलत नाही. खात्यात वर शिल्लक संपल्याची लाल पट्टी असते, पण मोबाइलवरून घाईत बघणाऱ्याचं तिकडे लक्ष जात नाही. आणि ‘बजेट वाढवायला लागेल’ याचा अर्थ ‘शिल्लक भरायला लागेल’ असाही असू शकतो. ही पोरं बजेट, बॅलन्स, रिचार्ज सगळं एकाच तोंडाने बोलतात. दोन्हींत पुष्कळ फरक आहे. बजेट म्हणजे रोज किती खर्चायचे त्याचा अंदाज, शिल्लक म्हणजे खिशात उरलेले. तेव्हा पहिला फोन एवढ्याचसाठी करा: “अरे, खात्यात आत्ता शिल्लक किती आहे?”

रोजच्या ५०० बद्दलही एक गैरसमज दूर करते. हा आकडा सरासरीचा असतो. एखाद्या दिवशी गिऱ्हाईक जास्त असलं तर गुगल दुपटीपर्यंत, म्हणजे १,००० पर्यंत खर्च करू शकतं, आणि मग दुसऱ्या दिवशी हात आखडतं. महिन्याला मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीवर जात नाही. तुमच्या बाबतीत हा आकडा १५,२०० होतो. पहिल्या दिवशी १,००० गेले म्हणून घाबरून मोहीम बंद करणारे पुष्कळ भेटतात. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला असे दिवस येणारच.

तिसरी गोष्ट रात्री साडेदहाची. जाहिरात कुठल्या वेळेत दाखवायची हे ठरवता येतं. पोराने सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा असं वेळापत्रक घातलं असेल, तर त्यामागे विचार असू शकतो: फोन उचलायला माणूस हवा. पण आंबे शोधायचा वेळ पुण्यात जेवणं झाल्यावरचा. तुमच्याकडे ऑर्डर वेबसाइटवर घेता येते, मग रात्री कुणाला जागायचं कारण नाही. हे त्याच्याशी बोलून ठरवा, हुकूम सोडू नका.

हे झाले माझे अंदाज. खात्री करायची तर खातं उघडून बघावं लागेल, आणि ते तुम्ही बघू शकता. त्यासाठी इंजिनियर व्हायला लागत नाही. गुगल ॲड्समध्ये नुसतं बघण्यापुरता प्रवेश देता येतो, त्याला रीड-ओन्ली म्हणतात. त्याने तुमचा ईमेल टाकायचा, तुम्ही आलेली लिंक उघडायची, झालं. तुमच्या हातून चुकून काही बिघडण्याची भीती नाही, कारण बदल करायचा अधिकारच नसतो. आत गेलात की टूल्समध्ये ट्रबलशूटिंगखाली ‘ॲड प्रीव्ह्यू अँड डायग्नोसिस’ सापडेल. तिथे गाव पुणे टाका, यंत्र मोबाइल निवडा आणि ‘देवगड हापूस पेटी’ असा शोध टाका. पुण्यातल्या माणसाला काय दिसलं असतं ते देवगडात बसून दिसतं, आणि तुमची जाहिरात येत नसेल तर का येत नाही तेही लिहून येतं: शिल्लक नाही, वेळापत्रकाबाहेर, निगेटिव्ह शब्दाने अडवलं, बजेटमुळे थांबलं. शिवाय तिथे बघितलेली खेप प्रमाणात मोजली जात नाही. हौस आहे तर रोज दहा वेळा बघा, तिथे बघा. एक सूचना: यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओंमागे लागू नका. ते ‘ॲडवर्ड्स’ म्हणतात, ते नाव २०१८ मध्येच बदललं, आणि मेन्यूही तेव्हापासून इकडचे तिकडे झालेत.

तिथेच मोहिमेच्या पानावर आणखी एक आकडा बघा, इम्प्रेशन्स. म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली. हा शून्य असेल तर दुखणं वेगळं, हजारांत असेल तर वेगळं. आकडा मोठा असेल तर जाहिरात चालली आहे, फक्त तुम्हाला आणि बहिणीला दिसलेली नाही. मग चौकशी वेबसाइटची करायची.

आणि ‘बजेट वाढवा’ हा सल्ला बरोबर आहे का, हे सांगणारे दोन आकडेही तिथेच मिळतात. जिथे तुमची जाहिरात दिसू शकली असती पण दिसली नाही, त्या संधी कशामुळे हुकल्या ते गुगल दोन भागांत सांगतं: बजेट अपुरं पडल्यामुळे किती टक्के, आणि रँक कमी पडल्यामुळे किती टक्के. पहिला आकडा मोठा असेल तर पोराचं म्हणणं बरोबर आहे. दुसरा मोठा असेल तर बजेट दुप्पट केलंत तरी फारसा फरक पडणार नाही.

ही रँक म्हणजे काय, ते तुमचे सासरे माझ्यापेक्षा चांगलं समजावतील. रुमालाखाली बोटं दाबून आंब्याचा भाव ठरायचा तो जमाना त्यांनी बघितलेला असेल. शेजारच्याने किती बोटं दाबली ते कुणाला दिसत नसे. जाहिरातीच्या जागेसाठी होणारा गुगलचा लिलाव असाच झाकलेला, आणि तो प्रत्येक शोधाला नव्याने होतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. पण इथे नुसती बोली चालत नाही. जाहिरात शोधाशी किती जुळते, लोक ती उघडतील अशी शक्यता किती, आणि उघडल्यावर पुढचं पान कामाचं आहे का, हे बोलीच्या जोडीला बघितलं जातं. कमी बोलीचा पण चोख माल असलेला वर जाऊ शकतो, जास्त बोलीच्या पेटीत साका निघाला तर खाली जातो. म्हणून मोठ्या किराणा ॲपपुढे साडेतीनशे कलमांच्या बागायतदाराला काही आशा राहते. त्यांची जाहिरात ‘फळे ऑनलाइन’ म्हणते. तुमची जर ‘देवगड हापूस, बागेतून थेट, पुण्यात घरपोच’ म्हणत असेल आणि टिचकी मारल्यावर थेट पेटीचं पान उघडत असेल, तर त्या एका शोधापुरत्या तुम्ही त्यांना भारी पडता. पण टिचकीनंतर उघडतो तो ‘आमच्याविषयी’ मजकूर आणि सासऱ्यांचा सत्काराचा फोटो, असं असेल तर पैसे वाया गेले. मी तुमची वेबसाइट बघितलेली नाही. पण शंभरातल्या साठ वेबसाइटवर हाच फोटो असतो, म्हणून म्हटलं.

आता पोराचं. तुमच्या पत्रात त्याला मेहनताना किती देता याबद्दल एक शब्द नाही. मला वाटतं, काहीच देत नसाल. घरचाच आहे, करेल. इथे सगळं अवघडतं. फुकट काम करणाऱ्याला हिशेब मागायला आपल्यालाच जड जातं, आणि त्यालाही सविस्तर उत्तर देण्याचं बंधन वाटत नाही. मग ‘चालू आहे काकी’ एवढ्यावर भागतं. तुमचे मिस्टर म्हणतात ते एका अर्थी खरं आहे: ‘पैसे कुठे गेले’ असं विचारलंत तर संबंध बिघडतील. पण तसं विचारायची गरजच नाही. खात्यात पैसे किती भरले, कधी भरले, किती खर्च झाले, त्याची पावती तारखेसह असते. रीड-ओन्ली प्रवेश मिळाला की ती तुम्हाला त्याच्याशी एक शब्द न बोलता दिसेल. कर धरून २०,००० किंवा कर वजा जाता १६,९५० च्या आसपास भरलेले दिसले तर संशय तिथेच संपला, आणि त्याला हे कधीही कळणार नाही की तुम्ही संशय घेतला होता. नाही दिसले तर मिस्टरांनाच दाखवा. मग बोलायचं ते त्यांनी बोलावं, पुतण्या त्यांचा आहे.

मात्र एक गोष्ट त्याच्याशी सरळ बोला, आणि हंगाम संपायची वाट न बघता. खातं कुणाच्या नावावर आहे? पुष्कळदा ही पोरं स्वतःच्या ईमेलवर खातं उघडतात, त्यात चार गिऱ्हाइकांच्या मोहिमा चालवतात. फसवायचं म्हणून नाही, सोपं पडतं म्हणून. पण मग पैसे तुमचे, जाहिरातीची सगळी माहिती त्याच्याकडे. गुगल जाहिरातदाराची कागदपत्रंही मागतं, आणि ती वेळेत दिली नाहीत तर खातं थांबतं. खातं त्याच्या नावावर असेल तर त्या जाहिरातीपुढे जाहिरातदार म्हणून तोच दिसतो. तुमच्या ईमेलवर नवं खातं उघडायला सांगा, त्यात तुम्ही ॲडमिन, आणि तो आपल्या मॅनेजर खात्यातून (एकाच ठिकाणाहून अनेकांची खाती सांभाळायची सोय) जोडलेला. काम तोच करेल. उद्या त्याला बंगळुरूला नोकरी लागली तर मोहीम तुमच्याकडे राहील. आणि हे सांगताना महिन्याला ठरलेली रक्कम द्यायचं कबूल करा. दोन पेट्या आंबे नव्हे, रक्कम. मग ‘इम्प्रेशन्स किती झाली रे’ असं दर सोमवारी हक्काने विचारता येतं.

तोवर प्रवेश मिळाला नाही, तरी बाहेरून एक गोष्ट तपासता येते. गुगलचं ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर म्हणून पान आहे, २०२३ पासून. कुणालाही उघडतं, पैसे लागत नाहीत. तिथे भारत निवडून तुमच्या वेबसाइटचा पत्ता टाका. त्या वेबसाइटच्या जाहिराती असतील तर त्या दिसतील, आणि एखादी उघडली की ती शेवटची कधी दाखवली गेली ती तारीखही दिसेल. ती तारीख १८ एप्रिलच्या आसपासची निघाली, तर वरची आकडेमोड बरोबर होती असं समजा.

असंच पत्र पाठवलेल्या बाकीच्यांसाठी थोडं पटकन, कारण प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहायला जागा नाही. कालच जाहिरात टाकून आज रडणाऱ्यांनी एक कामाचा दिवस थांबावं. तपासणी बहुतेक वेळा तेवढ्यात होते. जाहिरात नामंजूर झाली असेल तर आधी हेडलाइन बघा: मोबाइल नंबर, उद्गारचिन्ह किंवा बदामाची खूण टाकलीय का? तिन्ही चालत नाहीत. फोन नंबर द्यायची सोय वेगळी आहे, ती वापरा. नाशिकच्या ज्या वैद्यबाईंनी ‘मधुमेह मुळापासून बरा’ लिहिलंय, त्यांची जाहिरात अडली हे मला योग्यच वाटतं. वेबसाइट बंद पडलेली असेल तरी जाहिरात थांबते, आणि स्वस्तातलं होस्टिंग नेमकं हंगामात झोपतं. ‘जामसंडे हापूस घरपोच कोथरूड’ इतका नेमका कीवर्ड (ज्या शोधाला जाहिरात दाखवायची ते शब्द) घेतलात तर महिन्यात कुणी तो शोधतच नाही. गुगल त्यापुढे शोध कमी असल्याचा शेरा मारतं आणि तो निजून राहतो. शब्द थोडा मोकळा करा. आणि ज्यांनी कार्डवरून आपोआप पैसे कापायची सोय ठेवलीय त्यांनी बँकेचे मेसेज वाचावेत. २०२१ च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांमुळे अशा कपातीला आधी नोंदणी लागते आणि ठरावीक रकमेवर दर वेळी ओटीपी लागतो. ओटीपी कुणी टाकला नाही, की जाहिरात गुपचूप थांबते.

ताई, परत तुमच्याकडे. आणखी पैसे घालू का, याचं माझं उत्तर असं: आज नाही. आधी शिल्लक विचारा, ‘भाव’ आणि ‘रेट’ काढायला सांगा, संध्याकाळचे आणि रात्रीचे तास उघडा. मग रोजच्या ५०० च्या हिशेबाने दहा दिवसांपुरते, म्हणजे ५,००० आणि वर कर एवढेच भरा. दहा दिवस काहीही बदलू नका. पोरगा तिसऱ्या दिवशी बोली बदलू म्हणेल, त्याला थांबवा. इतक्या थोड्या दिवसांत रोज बदल केले तर कशामुळे काय झालं ते कुणालाच कळत नाही. दरम्यान फोनजवळ एक वही ठेवा. ऑर्डर आली की विचारायचं, “आमच्याबद्दल कुठून कळलं?” गुगल, ओळख, मागच्या वर्षीचे, व्हॉट्सॲप, चार रकाने. वेबसाइटवर ऑर्डर मोजायची पक्की सोय पोराला पुढच्या हंगामाआधी करायला सांगा, आत्ता भर गर्दीत नको. त्या चौदा ऑर्डरींनाही फोन करून विचारा. आंबे पोचले का म्हणून फोन केला की लोकांना बरंच वाटतं, आणि त्यातला एखादा दुसरी पेटी सांगतो.

दहा दिवसांनी वहीतला गुगलचा रकाना आणि खर्च शेजारी ठेवा. पेटीमागे जाहिरातीला किती गेले ते काढा, आणि वाशीला पाठवून दलाली, हमाली, भाडं वजा जाता पेटीमागे काय सुटतं ते सासऱ्यांना विचारा. त्यांना तो आकडा तोंडपाठ असेल. गुगलचा रकाना रिकामाच राहिला तर यंदापुरतं बंद करा, वाईट वाटून घेऊ नका.

शेवटची पेटी गेली की मोहीम पॉज करायला विसरू नका. डिलीट नव्हे, पॉज, म्हणजे पुढच्या मार्चला सगळं जागेवर सापडेल. मागे एका बागायतदाराची जाहिरात मृग लागून गेला तरी चालूच होती. लोक उघडत होते, पैसे जात होते, बाग रिकामी.

आणि बहिणीला निरोप द्या: आंबे हवे असले तर फोन कर, गुगल करू नकोस.